घाटावर की घाटाखाली?

बुलढाणा जिल्ह्यात बदलून आलेल्या बाईला पहिल्याच आठवड्यात शेजारीण एक प्रश्न हमखास विचारते. 'तुमचं बिऱ्हाड घाटावर करणार की घाटाखाली?' ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही त्याला वाटेल, पत्ता विचारते आहे. पण नुसता पत्ता नव्हे हो! पाणी कसं मिळेल, उन्हाळा कसा जाईल, ज्वारी कुठून भरायची, मुलींना कॉलेजात कुठं घालायचं, सगळं त्या एका प्रश्नात येतं.

अजिंठ्याचा डोंगर या जिल्ह्यातून आडवा गेलेला आहे. डोंगराच्या माथ्यावरचे सहा तालुके म्हणजे घाटावरचे: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा. खाली पूर्णा नदीच्या काळ्याभोर मातीतले सात तालुके घाटाखालचे: खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. जिल्हा एक, कलेक्टर एक, पण हवा दोन, बोलीची ढब दोन, आणि खरं सांगायचं तर राजधान्याही दोन! कागदावरची राजधानी बुलढाणा. आणि घाटाखालच्या माणसाला विचाराल तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, की खरं शहर म्हणजे खामगाव.

या दोन गावांचं नातं मला नेहमी दोन जावांसारखं वाटतं. एकीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दुसरीच्या माहेरचा पैसा. एकमेकींशिवाय घर चालत नाही, पण हळदीकुंकवाला बायका जमल्या, की दोघींनाही आपलंच सांगायचं असतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी मे-जूनच्या सुमारास बदलीचा हुकूम येतो. बँक, शाळा, महावितरण, महसूल, काही असो. हुकूम पुरुषाच्या किंवा तुमच्या नावाचा असेल, पण संसार कुठं थाटायचा हा हिशेब बहुतेक घरांत बाईलाच करावा लागतो. बुलढाणा आणि खामगाव यांच्यात अंतर पन्नासेक किलोमीटरचं. म्हणजे नोकरी एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी असं रोज जाऊन-येऊन करणारे पुष्कळ आहेत. मग राहायचं कुठं?

आधी हवेचं बघू, कारण बुलढाण्याची सगळी मिजास हवेवर आहे.

बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर. खामगाव तीनशेच्या आसपास. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ ला टेकतो आणि खामगाव-शेगावकडे डांबरी रस्ता चपलेला चिकटायला लागतो, तेव्हा बुलढाण्यात पारा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. चार-पाच अंशांचा फरक म्हणजे काय, हे दुपारी बारा वाजता गॅसपुढे पोळ्या लाटणाऱ्या बाईलाच विचारावं! संध्याकाळी वारा सुटतो, रात्री गच्चीवर निजलं तर पहाटे पांघरूण लागतं. पावसाळ्यात राजूरचा घाट धुक्यात बुडतो आणि मलकापूरहून येणारी एसटी दिवे लावून चढते. विदर्भात असूनही हे गाव विदर्भासारखं वाटत नाही, ते यामुळे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. साहेबाला वऱ्हाडचा उन्हाळा सोसवत नव्हता. तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या या छोट्याशा गावावर त्याची नजर गेली. भिल्लांचं ठाणं ते भिलठाणा आणि त्याचंच पुढे बुलढाणा झालं, असं सांगतात. तिथं कचेरी आली, बंगले आले, कारकुनांची घरं आली. म्हणजे हे गाव बाजारातून वाढलेलं नाही, कचेरीतून वाढलेलं आहे. अजूनही ते जाणवतं. सकाळी दहाला रस्ते भरतात, साडेसहाला मोकळे होतात. सुटीच्या दिवशी गाव कसं निवांत. भाजीवालीसुद्धा 'बाई, आज ऑफिस बंद हाय ना?' असं विचारून टोपलीत माल कमी आणते.

आता याची दुसरी बाजूही सांगते. बुलढाण्याला रेल्वे नाही. आगगाडी पकडायची तर पंचेचाळीस किलोमीटरवरचं मलकापूर गाठायचं. बाळंतपणाला आलेली लेक असो की मुंबईहून येणारी नणंद, तिच्या गाडीच्या वेळेआधी दोन तास घरातून कुणीतरी निघालंच पाहिजे. आणि रात्रीची गाडी असली तर घाटातला रस्ता, पाऊस, धुकं. ज्यांचं माहेर लांब आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. बदलीच्या कागदावर हवा लिहिलेली नसते, तशी रेल्वेही लिहिलेली नसते.

पाण्याचं म्हणाल तर पैनगंगा बुलढाण्याच्या उशाला, बुधनेश्वराजवळ उगम पावते. गावाला पाणी मिळतं ते तिच्यावरच्या येळगावच्या धरणातून. पाऊस चांगला झाला तर वर्ष सुखात. पाऊस हुकला की टँकर आणि पिंप. उगमाजवळ राहून नदीची वाट पाहायची, अशी ही गंमत! खामगावकरही पाण्यासाठी धरणाकडेच डोळे लावून बसतात. तिथंही नळ रोज येईल या भरवशावर कुणी बाई राहत नाही. घर बघायला जाल तेव्हा खोल्या मागाहून मोजा, आधी टाकी बघा. किती लिटरची आहे, जमिनीखाली हौद आहे का, आणि नळ कितव्या दिवशी येतो, हे घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारा.

पूर्णेच्या काठाकडे, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला गेलात तर खारपाणपट्टा लागतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, चहाची चव पालटते. तिकडल्या बायका डाळीसाठी गोडं पाणी कळशीत वेगळं जपून ठेवतात. पाहुणी आली आणि तिने त्या कळशीतल्या पाण्यानं पाय धुतले, तर काय होत असेल याची कल्पना करा! या पट्ट्यात घर करायची वेळ आली तर डाळ रात्रीच भिजत घाला आणि पिण्या-शिजवण्याच्या पाण्याची सोय पहिल्या दिवशी लावा, बाकी संसार दुसऱ्या दिवशी.

खामगाव हे मात्र बाजारानं घडवलेलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही व्यापाऱ्यांनी इथं तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांचा व्यापार मांडला. पण गावाचं नशीब पालटलं ते सातासमुद्रापलीकडच्या भांडणानं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि साहेबाला वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. कापसाला सोन्याचा भाव आला. बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, दलाल आले, मारवाडी आले, गुजराती आले, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. मुख्य लोहमार्ग गावाला टाळून आठ मैलांवरून जलंबहून गेला होता, तर जलंब ते खामगाव असा खास फाटा टाकला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. कापसाच्या गाठींसाठी व्हाइसरॉय! बुलढाण्याला कचेरी असून हे भाग्य लाभलं नाही, असं खामगावची जुनी मंडळी अजून ऐकवतात.

आणि आता या जावांच्या भांडणाचं मूळ ऐका. खामगाव मुळात बुलढाणा जिल्ह्यात नव्हतंच. ते अकोला जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये इंग्रज सरकारनं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरवाटणी केली आणि खामगाव नि जळगाव हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. म्हणजे श्रीमंत घरची पोर अचानक दुसऱ्या घरात दिली, आणि सासर तिच्याहून लहान! २०११ च्या जनगणनेत खामगावची वस्ती ९४ हजारांच्या वर आणि जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बुलढाण्याची ६७ हजारांच्या आसपास. सव्वाशे वर्षं होत आली तरी ही सल गेलेली नाही. खामगाव स्वतंत्र जिल्हा व्हावा ही मागणी दर निवडणुकीला वर येते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निघाला, तेव्हा तर खामगावकरांच्या जिवाची तगमग पाहवत नव्हती म्हणतात.

अशी भांडणं आपल्याकडेच आहेत असं समजू नका बरं का. अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. मिसिसिपी नदीच्या काठी तिथं सेंट पॉल आणि मिनियापोलिस ही दोन शहरं अगदी खेटून वसलेली. सेंट पॉल राजधानीचं, कचेऱ्यांचं. मिनियापोलिस पिठाच्या गिरण्यांचं, व्यापाऱ्यांचं. हुबेहूब आपलं बुलढाणा आणि खामगाव! १८९० च्या खानेसुमारीत मोठं कोण, यावरून दोघांत इतकी चुरस लागली, की दोन्हीकडे खोटी माणसं मोजली गेली. स्मशानातल्या दगडांवरची नावंसुद्धा घातली म्हणे, आणि शेवटी सरकारला फेरमोजणी करावी लागली. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत त्यांनी विचारून पाहावं. त्या दोन शहरांतली थट्टामस्करी अजून चालू असते. पण राहणारी मंडळी एका गावात घर आणि दुसऱ्या गावात नोकरी असं बिनदिक्कत करतात, कारण मधला रस्ता चांगला आहे. खरी गोम ती आहे.

असो. खामगावला गेलात आणि सराफ्यात पाऊल टाकलं नाही, तर गेल्यासारखं नाही. चांदीसाठी खामगावचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आहे, रजतनगरीच म्हणतात. पैंजण, जोडवी, करंडा, निरांजन, अत्तरदाणी, ताट-वाटी, देवाचे टाक, लग्नसराईत तर दुकानांत उभं राहायला जागा नसते. लांबलांबचे लोक चांदी घ्यायला इथं येतात ते शुद्धतेच्या विश्वासावर. तरी पण विश्वास विश्वासाच्या जागी आणि पावती पावतीच्या जागी. वस्तू घेताना चार गोष्टी करा. हॉलमार्क आहे का विचारा. ९२५ असा आकडा असला तर हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी, एवढं समजायचं. वजन तुमच्यासमोर करून घ्या. वस्तूत लाख किंवा दुसरा भराव असेल तर त्याचं वजन चांदीच्या भावात देऊ नका. घडणावळ वेगळी लिहून मागा. आणि पुढे मोडायला आणली तर किती कापणार, हे घेतानाच विचारा. मोडायच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

चांदीचा विषय निघाला आहे तर एक घरगुती गोष्टही सांगून टाकते. पुष्कळ घरांत चांदीची भांडी राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासतात. असं करू नका. चांदी मऊ असते, ओरखडे पडतात आणि दरवेळी थोडी झिजते. एका पसरट पातेल्यात तळाला अॅल्युमिनियमची चमचमती पन्नी अंथरा, त्यावर भांडी ठेवा, खाण्याचा सोडा नि थोडं मीठ घाला आणि कढत पाणी ओता. भांडी पन्नीला टेकलेली हवीत. पाच-दहा मिनिटांत काळेपणा बराचसा पन्नीवर उतरतो. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन मऊ मलमलीनं कोरडी करा. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळसर नक्षी ठेवलेल्या वस्तूंना हा उपाय नको. ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड तर लावूच नका. रबरातल्या गंधकानं चांदी काळवंडते. डब्यात खडूचा एक तुकडा टाकून ठेवला तर ओल तो ओढून घेतो.

खामगावात आणखी काय? बाजार मोठा, त्यामुळे जिन्नस ताजा आणि भावाला चार जागा. साबणाचा मोठा कारखाना आहे, औद्योगिक वसाहत आहे, म्हणजे घरातल्या तरुण मुलाला काहीतरी हातपाय हलवता येतात. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालेलं टिळक राष्ट्रीय विद्यालय इथलंच. कोजागिरीपासून बसणारी मोठी देवी हा तर खामगावचा खास उत्सव. सगळीकडची नवरात्राची देवी विसर्जन होऊन गेली, की खामगावच्या जगदंबेचा उत्सव सुरू होतो. त्या दिवसांत घरी पाहुणे किती येतील याचा नेम नाही, तेव्हा बिऱ्हाड तिथं असेल तर दिवाळीचा फराळ आठ दिवस आधीच करावा लागतो, हे नव्या सुनांना कुणी सांगत नाही.

मुलींच्या शिक्षणाचा हिशेब असा मांडा. खामगावहून शेगाव सतरा किलोमीटर, आणि तिथं संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. मुलगी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. वसतिगृहाचा खर्च वाचतो आणि आईचा जीवही थाऱ्यावर राहतो. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचं मोल डॉक्टर होणाऱ्या मुलीपेक्षाही जास्त आहे. आजवर अवघड दुखणं आलं, की अकोला नाहीतर संभाजीनगर अशी धावपळ. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जीपमध्ये तास-दोन तास बसलेली आई या जिल्ह्यात गावोगाव सापडेल. कॉलेजाबरोबर मोठं, सुसज्ज रुग्णालय घाटावर उभं राहिलं तर मेहकर-लोणारकडच्या बायकांना पहिला दिलासा मिळेल.

पैशाचं म्हणाल तर घाटावरही अगदीच कोरडं नाही. १९८६ मध्ये निघालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था आज देशातल्या फार मोठ्या सहकारी पतसंस्थांत गणली जाते. कचेरीच्या गावातून एवढी मोठी पतसंस्था निघावी आणि कापसाच्या गावातून निघू नये, याचं खामगावकरांना बरं वाटत नसावं!

आता जिल्ह्याच्या भांडणात आपण बायकांनी का लक्ष घालायचं, हे सांगते. पुढाऱ्यांना जिल्हा हवा तो मानासाठी. पण संग्रामपूरकडची एखादी शिक्षिका बघा. जिल्हा परिषदेत एका अर्जासाठी तिला बुलढाण्याला जायचंय. पहाटे उठून घरच्यांचा स्वयंपाक करायचा, डबे भरायचे, एसटीनं जळगाव जामोद, मग नांदुरा, मग मोताळा, मग राजूरचा घाट चढून बुलढाणा. कचेरीत पोचेपर्यंत जेवणाची सुटी. साहेब दौऱ्यावर असले तर सगळा दिवस फुकट, एक रजा गेली आणि परत येईतो दिवेलागण. कडेवर लेकरू असेल तर विचारूच नका. तिच्यासाठी खामगावला कचेरी असणं ही चैन नव्हे.

पण म्हणून लगेच खामगावच्या बाजूनं घोषणा देऊ नका. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा इथल्या बाईला खामगाव म्हणजे आणखी आडवळण. त्या तालुक्यांची ओढ जालन्याकडे, संभाजीनगरकडे. खामगाव ते जालना रेल्वे चिखली, देऊळगाव राजावरून व्हावी ही मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. पिढ्या मागणी करता करता गेल्या. ती गाडी धावली असती तर घाटावरचं आणि घाटाखालचं हे अंतर निम्मं मिटलं असतं. मला विचाराल तर आधी ती रेल्वे, मग नवा जिल्हा. नवीन जिल्ह्यानं एका भागाची पायपीट वाचेल. गाडीनं दोन्ही भागांची वाचेल, शिवाय लेकीला माहेर जवळ येईल. पुढारी मंडळींचं मत वेगळं असेल, असू द्या.

राहायचं नसेल, नुसतं हिंडायचं असेल तर मात्र भांडण मिटलंच, कारण दोन्ही गावं एकाच फेरीत होतात. मुंबई किंवा नागपूरकडून आगगाडीनं शेगावला उतरा. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तिथं प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली. दर्शनाची शिस्त, भक्तनिवासाची स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचं 'माउली' म्हणून बोलणं, हे बघून आपल्या गावच्या देवळाची आठवण येऊन थोडं वाईटच वाटतं. शेगावची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं सुरू केलेली. गरम असतानाच खा. बांधून घरी नेली तर तव्यावर मंद आचेवर शेका, मायक्रोवेव्हमध्ये घालाल तर वातड होईल.

आषाढीला पंढरपूरला गेलेली महाराजांची पालखी परत येते, तेव्हा शेवटचा मुक्काम खामगावला असतो. दुसऱ्या दिवशी खामगाव ते शेगाव हजारो माणसं पालखीबरोबर चालतात. त्यांत बायका किती असतात म्हणता! वर्षभर घराच्या उंबऱ्याबाहेर एकटी न पडलेली बाई त्या दिवशी शेजारणीचा हात धरून सतरा किलोमीटर चालते. रस्त्यात चहा, केळी, उसळ, सगळं वाटत असतात. खामगावला बिऱ्हाड करण्याचं हेही एक कारण होऊ शकतं.

खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याच्या रस्त्यानं जा. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात या जंगलात आला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा सगळा प्रवास समजला. जंगल चांगलं, हवा चांगली, खायला भरपूर. पण जोडीदारीण नव्हती. काही महिने राहिला आणि बिचारा पुढच्या वाटेला लागला. नुसती हवा चांगली असून संसार होत नाही, हे त्यालाही कळलं असावं.

बुलढाण्याला एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकर करत लोणार. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती आहे, आणि कवी ना. घ. देशपांडे याच गावचे. लोणारचं सरोवर म्हणजे उल्का आदळून बेसाल्टच्या दगडात पडलेला खळगा, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद. पाणी खारं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असं शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. त्याच वर्षी त्याला रामसर यादीत जागा मिळाली. खाली उतरणं सोपं, चढणं कठीण. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच पाहावं आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ निवांत बघावं. तिथून सिंदखेड राजा. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा इथं आहे. १२ जानेवारीला फार गर्दी असते. शांतपणे पाहायचं तर दुसरा कुठलाही दिवस निवडा. २०२२ पासून समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो, त्यामुळे नागपूर किंवा शिर्डीकडून आपली गाडी घेऊन येणाऱ्यांना उलट्या दिशेनं ही फेरी करता येते.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच वऱ्हाडी. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीची भाजी. ही मिरचीची भाजी म्हणजे तोंडी लावणं नव्हे, वाटीभर भाजीच असते. पुण्या-मुंबईकडच्या बायकांनी पहिल्या घासाला जपून! पंगतीला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असली की घाटावरची नि घाटाखालची बाई शेजारी शेजारी बसून तेवढ्याच चवीनं जेवते.

तेव्हा बिऱ्हाडाचं असं बघा. घरात वयस्कर माणूस असेल, त्याला उन्हाळा सोसत नसेल आणि यजमानांची नोकरी कचेरीतली असेल, तर बुलढाणा. निवृत्तीनंतर शांत राहायचं असेल तरी बुलढाणाच, फक्त आगगाडीची आस सोडायची. मुलं कॉलेजच्या वयाची, घरातल्या घरात शिवणकाम, पापड-कुरडया, ब्लाउजपीस असा काही उद्योग करायची तुमची इच्छा, तर डोळे मिटून खामगाव. तिथं गिऱ्हाईक दारात येतं. बुलढाण्यात पगाराच्या तारखेची वाट बघावी लागते. दम्याच्या पेशंटला मात्र थंड हवा मानवेलच असं धरून चालू नका. बुलढाण्याची डिसेंबरातली पहाट झोंबणारी असते. आधी डॉक्टरांना विचारा आणि जमल्यास एक हिवाळा भाड्याच्या घरात काढून बघा.

आणि बोथ्याच्या रस्त्यानं कधीही निघालात तरी उजेडात निघा. गाडीत पाणी ठेवा, थंडीत एखादी शाल हाताशी असू द्या, आणि वाटेत माकडं गाडीजवळ आली तर मुलांना कचोरी खिडकीबाहेर धरू देऊ नका.